पावती आहे का?

आमच्या धाराशिव जिल्ह्यात एखाद्या म्हाताऱ्याला वय विचारून बघा. आधार कार्डावरची तारीख तो सांगत नाही. ती शाळेतल्या गुरुजींनी अंदाजानं बसवलेली असते. तो म्हणतो, "पोलीस ॲक्शनच्या वक्ताला मी रांगत होतो." 13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरकडून भारताचं लष्कर निजामाच्या राज्यात शिरलं, नळदुर्गजवळचा बोरी नदीचा पूल ताब्यात घेतला आणि दुपार कलायच्या आत रणगाडे उमरग्यात पोचले. 17 तारखेला निजामाचा खेळ खलास. रणगाडे होते, विमानं होती, पायदळ होतं. नव्हते ते पोलीस. पण निजामानं प्रकरण सुरक्षा परिषदेत नेलेलं. तेव्हा ही लढाई नाही, घरातली कारवाई आहे, असं जगाला सांगायला नाव दिलं पोलीस ॲक्शन.

हे नाव सगळ्यांनाच हसत घेता येत नाही. त्या दिवसांत आणि पुढं मुसलमान वस्त्यांवर काय गुदरलं ते बघायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांना धाडलं होतं, आणि सगळ्यात जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी आमचा, तेव्हाच्या नावानं उस्मानाबाद, धरला होता. त्या घरांतले म्हातारे वय सांगताना दुसरी खूण शोधतात.

असो. तेव्हा ॲक्शन होती, पोलीस नव्हते. आता पोलीस आहेत.

आहेत म्हणून तर मी ठाण्यात गेलो. कुठल्या, ते सांगत नाही. परत तिथंच जायचंय. झालं असं, की रात्रीतून कुणीतरी माझ्या विहिरीवरची अडीचशे फूट केबल कापून नेली. स्टार्टरच्या पेटीपासून पाण्यापर्यंत, सफाईनं. आत तांबं असतं, ते जाळून काढतात आणि भंगारात विकतात. हे पोरासोरांना ठाऊक आहे, भंगारवाल्याला ठाऊक आहे.

ठाण्याच्या आवारात जप्तीच्या मोटारसायकली उभ्या. एकीच्या चाकाच्या तारांतून एरंड वर आलाय. दारावर 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय'. आत ठाणे अंमलदार. माणूस चांगला, "बसा काका" म्हणाला. डोळे तारवटलेले. तुळजापुरात नवरात्राचा बंदोबस्त, मग कोजागिरीला चालत येणाऱ्या भाविकांचा, मधे एका मंत्र्याचा दौरा, असं करून घरी अंघोळीपुरता जाऊन आलेला. देवीला, मंत्र्याला आणि मिरवणुकीला पोलीस लागतात. उरलेला अर्धा पोलीस माझ्या केबलच्या वाट्याला आला होता.

"केबल कधीची?"

"तीन वर्षं झाली."

"पावती आहे का?"

शेतकऱ्याकडं पावती! दुकानदारानं सिगारेटच्या पाकिटाच्या मागं आकडा लिहून दिला होता, तो शर्टाबरोबर धुतला गेला.

"मग किंमत काय लिहू?"

"साडेआठ हजार."

"काका, जुनी आहे ना. चार हजार नऊशे लिहितो."

माझ्या केबलीची एवढी अचूक घट दुकानदारालाही काढता आली नसती. बाहेर आल्यावर एका वकील मित्रानं या आकड्याचं मर्म सांगितलं. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे आले. भारतीय न्याय संहितेत तरतूद अशी, की चोरीचा माल पाच हजारांच्या आतला असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं माल किंवा किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा. असा गुन्हा अदखलपात्र. म्हणजे नोंद एनसीत, आणि दंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय तपास नाही. माझा चोर अजून सापडलेलाच नाही. तो पहिल्यांदाच चोरतोय आणि केबल परत आणून देणार आहे, हे ठाण्याला आधीच कसं कळलं, एवढं मला विचारायचं होतं. पण शब्द किती प्रामाणिक आहे बघा. अदखलपात्र! कारकुनी मराठीत इतकं खरं क्वचित लिहिलं जातं.

हे सगळं नंतर कळलं. आत अंमलदार एनसी लिहायला लागला तेव्हा मी उसनं अवसान आणून म्हणालो, "ललिता कुमारी खटला, 2013. घटनापीठानं सांगितलंय, एफआयआर घ्यावाच लागतो." पेपर वाचल्याचा असा एवढाच उपयोग. अंमलदार शांतपणे म्हणाला, "तो निकाल दखलपात्राला, काका." कायदा त्याला माझ्यापेक्षा जास्त येत होता. तिथंच तर पंचाईत झाली.

मग प्रश्न आला, "संशय कुणावर?"

मी म्हणालो, कुणावर नाही. शेजारी बसलेला माझा चुलत भाऊ म्हणाला, "साहेब, पिढीवर बघा एकदा."

आमच्या भागात पारध्यांच्या वस्तीला 'पारधी पिढी' म्हणतात. वस्तीला पिढी, आणि संशयही पिढीजात. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, तो 1952 मध्ये रद्द झाला. माझ्या भावापर्यंत ती बातमी अजून पोचलेली नाही. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' 1987 चं. त्यांचं गाव धनेगाव तेव्हा लातूर जिल्ह्यात गेलं होतं, पण 1982 पर्यंत लातूर आमच्याच जिल्ह्यात. जन्मावरून चोर ठरलेल्या घरात पोलीस कसे येतात, हे त्या पुस्तकात आहे. त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आपण टाळ्या वाजवल्या, आणि केबल गेली की बोट पुन्हा तिकडंच. पोलिसांचा पूर्वग्रह म्हणून आपण लेख लिहितो. इथं अंमलदारानं तोंडही उघडलं नव्हतं.

याच भावाचा पोरगा पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर पळतो. पोलीस भरतीचे सोळाशे मीटर. बाप म्हणतो, ठाण्याची पायरी वैऱ्यानंही चढू नये. आणि त्याच ठाण्यात पोरगा लागावा म्हणून तुळजाभवानीला नवस बोलतो.

गावाच्या वेशीवर आमच्या अजून 'तंटामुक्त गाव' अशी पाटी आहे. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना 15 ऑगस्ट 2007 ला ही मोहीम निघाली. हेतू नेक होता आणि कैक ठिकाणी बांधाची भांडणं खरोखर मिटली. पण बक्षिसाची चटक लागली, की तंटा मिटला काय आणि नोंदलाच नाही काय, कागदावर दोन्ही सारखंच दिसतं. ठाण्यांचंही तेच. गुन्हे कमी नोंदले की हद्द शांत. माझ्या शिवारात त्या महिन्यात आणखी दोघांच्या केबली गेल्या. ते ठाण्यात गेलेच नाहीत. माझं काय झालं ते त्यांनी ऐकलं होतं. म्हणजे सरकारदरबारी आमचं शिवार एकदम शांत आहे. पुढच्या वेळी साहेबाला टोळीचा माग काढायचा असेल, तर सांगायला कुणी येणार नाही.

अंमलदारानं एनसीची प्रत दिली, चहा पाजला. मी सही केली. रकमेपुढं चार हजार नऊशे.

दुसऱ्या आठवड्यात नवी केबल आणली, नऊ हजार दोनशेची. दुकानदाराकडून जीएसटीची पक्की पावती घेतली, लॅमिनेट केली आणि ट्रंकेत सातबाऱ्याशेजारी ठेवली. केबल उघड्यावर आहे.