एकास सत्त्याऐंशी

आमच्या दाजींची उंची बरोबर साडेपाच फूट. हे ते ओळख करून देतानाच सांगून टाकतात. समोरच्याच्या चेहऱ्यावर 'बरं, मग?' उमटलं की पुढचं वाक्य तयार असतं: "म्हणजे १६७६ मिलिमीटर. भारतीय ब्रॉडगेज! मी रुळांत आडवा झालो तर डोकं एका रुळाला टेकेल आणि टाचा दुसऱ्याला." ताई म्हणते, बघायला आले होते तेव्हा पोहे खाता खाता हेच बोलले होते, आपल्यालाच मेलं कळलं नाही.

दाजी मूळचे कर्जतचे. वडील रेल्वेत, घर रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये. घाट चढण्यासाठी गाडीला मागून बँकर इंजिनं लागायची, तेवढ्या वेळात अख्खी गाडी बटाटेवड्यांवर तुटून पडायची आणि हे पोरगं कपलिंग बघत उभं राहायचं. आता शिकागोजवळ नेपरविलला राहून त्यांना पंचवीस वर्षं झाली. नोकरी, मुलं, गवत कापायचं यंत्र हे सगळं जमिनीच्या वर. तळघरात बोरघाट आहे. मॉडेल रेल्वेच्या एचओ मापाचा, म्हणजे एकास सत्त्याऐंशी.

खरा घाट अठराशे फुटांच्या वर चढतो. त्याला सत्त्याऐंशीने भागलं तर एकवीस फूट येतात, आणि तळघराची उंची आठ. दाजींनी रीतसर नकाशा काढला तेव्हा लोणावळा स्टेशन दुसऱ्या मजल्यावर, बेडरूममध्ये, पलंगाच्या गादीपाशी येत होतं. तिकडे त्यांची तयारी होती. ताईची नव्हती. शेवटी घाट दाबून-चेपून बसवला. चढ मात्र एकास सदतीस, १८६३ साली होता तोच. त्यावर तडजोड नाही.

गेल्या जानेवारीत मी त्यांच्याकडे होतो. रविवारी सकाळी ताईने माझ्या हातात चिठ्ठी ठेवली: 'फर्नेसचा फिल्टर, १६ बाय २५, नग १.' चिठ्ठी नवऱ्याकडे न देता भावाकडे का दिली, हे मला तेव्हा समजायला हवं होतं.

आम्ही मेनार्ड्समध्ये गेलो. घर बांधायला, दुरुस्त करायला किंवा बिघडवायला जे जे लागतं ते विकणारं हे अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतलं अवाढव्य दुकान. आपल्याकडे खिळे घ्यायला बोहरी आळीत जावं, तर दुकानदार आधी "कशाला हवेत?" विचारतो आणि मग आपल्याला खिळे नव्हे, स्क्रू हवे आहेत हे पटवून देतो. इथे कुणी काही विचारत नाही. दाजींसारख्या माणसाला असं मोकळं सोडणं धोक्याचं आहे.

गंमत म्हणजे या दुकानात चक्क खेळातल्या आगगाड्या मिळतात. डबे, इमारती, आतून दिवे लागणारी दुकानं, सगळं यांच्याच नावाचं. मला वाटलं, दाजी इथेच तळ ठोकणार. पण शास्त्रीय गवय्याने ऑर्केस्ट्राच्या मांडवावरून जावं तसे ते मान वळवून पुढे निघाले.

"ओ गेज आहे ते. एकास अठ्ठेचाळीस. आणि तीन रूळ! गाडी आहे की रिक्षा?"

"कोलकात्याच्या मेट्रोला असतो की तिसरा रूळ," मी म्हणालो.

"ती मेट्रो," दाजी म्हणाले, आणि विषय संपला.

तिसऱ्या रुळाने असे कळवळणारे दाजी स्वतःच्या रुळांबद्दल मात्र बोलत नाहीत. एचओचा तयार रूळ साडेसोळा मिलिमीटरचा मिळतो, तो जगाच्या स्टँडर्ड गेजच्या हिशेबाने. आपलं ब्रॉडगेज त्या मापात सव्वाएकोणीस मिलिमीटरच्या वर भरतं. म्हणजे तळघरातली त्यांची डेक्कन क्वीन गेली कित्येक वर्षं जवळजवळ पावणेतीन मिलिमीटर अरुंद रुळांवरून धावते आहे. हे शल्य घराण्यातल्या गुप्त रोगासारखं झाकून ठेवलेलं आहे. मला ताईने सांगितलं.

तर मग दाजी या दुकानात घेतात काय? बाकीचं सगळं. गुलाबी फोमच्या पाट्या लोक भिंतीत थंडी अडवायला घालतात. आठ बाय चार फुटांची, दोन इंच जाडीची पाटी दाजींच्या लेखी सह्याद्री आहे. (उरलेल्या फोमचं गणपतीचं मखर होतं. एका वर्षी बोगदा करायचा राहून गेला होता म्हणून मखरच घाटात गेलं आणि बाप्पा पाच दिवस मंकी हिलला बसले.) छताला लावायच्या ठिसूळ टाइल्सचे कोपरे मोडून एकावर एक रचले की बसाल्टचे थर दिसतात. न्हाणीघराच्या फटी बुजवायचं पारदर्शक सिलिकॉन काचेवर पसरून, वाळल्यावर सोलून काढलं की खंडाळ्याचा पावसाळी धबधबा. हे मी थट्टेने सांगत नाही. तो धबधबा बघून मला छत्री आठवली.

रंगांच्या विभागात तर अर्धा तास गेला. गिऱ्हाइकाला हवी ती छटा न जमलेले डबे तिथे स्वस्तात काढतात. कुणा बाईने बैठकीच्या खोलीसाठी मागवलेला आणि डबा उघडल्यावर नाकारलेला एक काळपट जांभळा दाजींनी दिव्याखाली धरला, मला दाखवला आणि हळू आवाजात म्हणाले, "जुलै. ठाकूरवाडी. नुकताच पाऊस थांबलाय." मी पुन्हा बघितलं. मला वांग्याचं भरीत दिसलं, पण बोललो नाही.

सगळ्यात कठीण प्रसंग फिल्टरच्या रांगेत आला. एक पोरगेला कर्मचारी, बहुधा नवीन, मदतीला धावला.

"कुठल्या मापाची फर्नेस आहे आपली?"

"फर्नेससाठी नकोय," दाजी म्हणाले. "झुडपांसाठी."

त्याने अदबीने बागकामाच्या विभागाकडे बोट दाखवलं.

"खरी झुडपं नव्हेत. करवंदीच्या जाळ्या." आता करवंदाला इंग्रजीत काय म्हणायचं? दाजींनी हातांनी काटे करून दाखवले. मग त्यांनी एक राठ, हिरवट फिल्टर उचलला आणि पोराला समजावलं: हा असा फाडायचा, पिंजायचा, वर बायकोचा हेअरस्प्रे मारायचा, त्यावर हिरवा भुसा भुरभुरायचा. पोरगं मान हलवत राहिलं. थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, "माकडं आहेत का तिथे?" मंकी हिलचं नाव मी मघाशी घेतलं होतं. दाजी इतके हरखले की त्यांनी त्याला माप सांगितलं: दोन फुटी माकड एकास सत्त्याऐंशीला बासमतीच्या दाण्याएवढं होतं. "शिजवलेल्या नव्हे, कच्च्या," तेही आवर्जून सांगितलं.

बाहेर आलो तर गाडीत पाटी मावेना. टपावर ठेवली, दोरीने बांधली, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून एका बाजूने दाजींनी आणि दुसऱ्या बाजूने मी खिडकीतून हात काढून धरली. शिकागोचा जानेवारी. पाच मैल. दाजी एका हाताने गाडी चालवत अकरा टक्के रिबेटचं गणित सांगत होते. ते पैसे हातात मिळत नाहीत. अर्ज टपालाने पाठवायचा, मग दुकानाचंच पत्र येतं आणि त्यावर दुकानातच खरेदी करायची. म्हणजे प्रत्येक फेरीच्या पोटात पुढची फेरी. दाजी याला बचत म्हणतात. माझी बोटं तोवर बधिर झाली होती, त्यामुळे मोजून बघता आलं नाही.

घरात शिरताच ताईने पिशव्या उघडल्या. फिल्टर चार. चारही राठ, हिरवट.

"यातला घरच्या फर्नेसचा कुठला?"

मी खिशातली चिठ्ठी चाचपली. ती तिथेच होती, घडीही न मोडता. दाजींकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर अपराध्याचा भाव असेल असं मला वाटलं होतं.

"म्हणजे परत जावं लागणार," ते म्हणाले. बूट त्यांनी अजून काढलेच नव्हते.