नवरा चाकणला, भुतं घरात : नवशिक्या आयांसाठी हॅलोविन

सर्वप्रथम नवऱ्याची आशा सोडा. हॅलोविन 31 ऑक्टोबरला असतो आणि 31 तारीख म्हणजे महिनाअखेर. चाकणच्या कंपनीत डिस्पॅच सांभाळणाऱ्या माणसाला त्या दिवशी सुट्टी मिळत नाही, मग 2026 मध्ये तो शनिवार का असेना. आदल्या रात्री तो फोनवर ‘बघतो, निघता आलं तर’ म्हणेल. हे वाक्य मुलांच्या कानांवर जाऊ देऊ नका.

नंतर नळाचा वार पाहा. पैठणला नाथसागर काठोकाठ भरलेला असो, सिडकोत पाणी आपल्या वारालाच येणार. आणि दोन पोरांच्या तोंडावरचं काजळ एका बादलीत उतरत नाही. टाकीनं तळ गाठला असेल तर भुताला फक्त मिशा काढा. बाकी पोशाख जुन्या पांढऱ्या चादरीचा. डोळ्यांची भोकं पाडण्याआधी ती सासूबाईंची सोलापुरी नाही ना, याची खात्री करावी.

आता डांगर. जाधववाडीच्या मंडीत अख्खं मागा आणि विक्रेत्यानं फोडीसाठी सुरी उचलली की ताबडतोब ओरडा. ‘अख्खं? घरात कार्यक्रम आहे का, ताई?’ असं तो विचारेल. हो म्हणावं, समजावत बसू नये. आयर्लंडमधले लोक मुळात सलगम कोरायचे. ते अमेरिकेत गेले, तिथं त्यांना डांगर मिळालं आणि कोरायला ते सोपं वाटलं. त्यांनी आपलं मराठवाड्यातलं डांगर पाहिलेलं नव्हतं. विळीवर ते धरूच नका, बोट जाईल. खाली ओलं फडकं घाला, देठाभोवती टोपीसारखी चकती कापा, डावानं गर खरवडा. डोळे-तोंड थोरल्यानं पेननं आखायचं, कापायचं मात्र तुम्ही. धाकटीला बिया मोजायला बसवा. आत पणती ठेवली की चकती जरा तिरकी ठेवावी, नाहीतर ज्योत गुदमरते, चकती करपते आणि भुताच्या घराला भाजीचा वास येतो. गर टाकायचा नाही. गूळ आणि कणीक घालून घारगे करा. मुलं भुताला विसरतील, घारग्यांना नाही.

सासूबाई घरात असतील तर ‘दिवाळीच्या तोंडावर ही कसली थेरं?’ असा प्रश्न येणार. उत्तर सोपं आहे. ख्रिस्ती पंचांगात 1 नोव्हेंबर सर्व संतांचा आणि 2 नोव्हेंबर मृतांच्या स्मरणाचा दिवस. म्हणजे तुमच्या पितृपक्षाचे दूरचे पाहुणेच. त्या लगेच विरघळतील. धोका इथून पुढे आहे. विरघळलेल्या सासूबाई गोष्ट सांगायला बसतात. तुमचं कागदी वटवाघूळ, प्लॅस्टिकचा सांगाडा, सगळं पिंपळावरच्या मुंजापुढे फिकं पडतं. मुंज होऊन सोडमुंज होण्याआधी गेलेला तो पोरगा एकदा घरात आला की थोरला आठवडाभर संडासाला एकटा जात नाही. गोष्ट भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीवर थांबवा. तीही जंगलातूनच येते, पण पोचते.

दारोदार फिरण्याआधी शेजाऱ्यांना दुपारी कळवून ठेवा. न कळवता संध्याकाळी सातला चादर पांघरून बेल वाजवली, तर समोरचे काका वर्गणी समजून दार लावून घेतात. चॉकलेटची अपेक्षा ठेवू नये. आठवड्यावर दिवाळी आलेली असते, त्यामुळे कढईतून नुकत्या निघालेल्या शंकरपाळ्या मिळतील आणि ‘मीठ बरोबर आहे का?’ हेही भुतालाच विचारलं जाईल.

व्हिडिओ कॉल फिरून आल्यावर, पण जेवणाआधी लावा. जेवणानंतर मुलं पेंगतात आणि पेंगली की ‘बाबा कधी येणार’ सुरू होतं. तेव्हा त्यांच्यापेक्षा तुमचाच आवाज आधी फुटेल. नवऱ्याला डांगर दाखवा, घारगे दाखवू नका.

रात्री दोघं तुमच्याच पलंगावर झोपणार, हे गृहीत धरा. त्यांना लगेच झोप लागते. मागच्या खिडकीतलं कबूतर पंख फडफडवतं तेव्हा जाग्या असता त्या फक्त तुम्ही. हा भाग कोणतीच मार्गदर्शिका सांगत नाही, म्हणून इथे नोंदवला.

थोरल्याला खरा सांगाडा पाहायचाच असेल तर वेरूळ गाठा (मंगळवार सोडून). एकविसाव्या लेण्यात, रामेश्वरात, सप्तमातृकांजवळ काल आणि काली हाडांच्या सापळ्यांच्या रूपात कोरलेले आहेत. वाटेत दौलताबाद लागतं. किल्ल्यातल्या अंधारीत वटवाघळं आहेत आणि ती कागदाची नाहीत. बाजारातून सजावट आणण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

राहिली कोळ्यांची जाळी. ती विकत घेऊ नका. 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे 31 ऑक्टोबरला घराची झाडझूड बाकीच असते आणि माळ्यावर हवी तेवढी जाळी मिळतात. रविवारी सकाळी नवरा आला की चहा द्या, झाडू हातात ठेवा आणि शिडी तुम्ही धरा.