शेषरावांचे वजन

मराठी माणसाच्या आतिथ्याची सारी मदार आग्रहावर आहे. पाहुणा 'पुरे' म्हणाला की तो विनयाचा भाग समजून त्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकावी, त्याने ताटावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतून तुपाची धार सोडावी, आणि तो उठू लागला तर गळ्याची शपथ घालून त्यास पुन्हा पाटावर बसवावे, हा आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी घरांचा, निजामाच्या अमदानीपासून बिनतक्रार चालत आलेला दस्तूर आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, किनवट आणि राजुरा हे आमच्या जिल्ह्याचे तालुके सीमेपलीकडे गेले, आम्ही अलीकडे राहिलो. परंतु पंक्तीतील आग्रहाचे कलम रद्द करण्याची हिंमत अलीकडच्या किंवा पलीकडच्या कोणत्याही सरकारास झाली नाही. असा हा दस्तूर ज्याच्यापुढे सपशेल निष्प्रभ ठरला, तो एक अजगर होता.

हा अजगर माझ्या भाच्याचा. भाचा अमेरिकेत, मिनेसोटा प्रांती, नोकरीनिमित्त असतो आणि त्याने तेथील कायद्यास अनुसरून 'बॉल पायथन' जातीचा अजगर पाळलेला आहे. ही जात मूळची पश्चिम व मध्य आफ्रिकेतील. अजगरकुलात जन्म घेऊनही लांबी बहुधा चार-पाच फुटांतच आटोपती घेणारी, आणि संकटसमयी शत्रूवर चाल करून जाण्याऐवजी अंगाचा चेंडू करून त्यात स्वतःचे मस्तक लपविणारी. इतका सात्त्विक स्वभाव पाहून भाच्याने, स्वदेशाची आठवण म्हणून, त्याचे नाव 'शेषराव' असे ठेविले. एका हिवाळ्यात या शेषरावांनी अन्न वर्ज्य केले. 'मामा, शेषराव काही खातच नाही हो, वजन कसं राहणार?' हे भाच्याचे आर्त उद्गार दूरध्वनीतून आमच्या ओसरीवर ऐकू गेले, आणि संध्याकाळपर्यंत गावातील त्याच नावाच्या एका सेवानिवृत्त गिरदावरांच्या घरी समाचाराला येणाऱ्यांची रीघ लागली. गिरदावर त्या वेळी भाकरी, अंबाडीची भाजी आणि ठेचा यांचा यथास्थित समाचार घेत होते, हे सांगितल्यावरही येणाऱ्यांचे पूर्ण समाधान झाले नाही.

आमच्या घरात तर वैद्यमंडळच बसले. वहिनींनी दृष्ट काढण्याचा सल्ला दिला, शेजारच्या काकांनी हिंग्वाष्टक चूर्णाची शिफारस केली, आणि मातोश्रींनी पडद्यावर शेषरावांचे दर्शन होताच, 'अरे, चेहरा किती उतरलाय रे त्याचा!' असा अभिप्राय देऊन कोमट दुधात खडीसाखर घालून देण्याचे फर्मान काढले. ज्यास पापण्या नाहीत, ज्याच्या मुद्रेवर जन्मापासून मरणापर्यंत एकच भाव असतो, त्याचा चेहरा उतरलेला ओळखण्याचे सामर्थ्य केवळ आजीच्याच दृष्टीत असू शकते.

भाच्याने मोठ्या संयमाने आपले शास्त्र सांगितले, ते असे. सापाची प्रकृती चेहऱ्यावरून नव्हे, पाठीवरून जोखावयाची. कण्याची धार वर येऊन दोन्ही कुशी घराच्या छपराप्रमाणे उतरत्या दिसू लागल्या तर प्राणी कृश. शेपटीकडे घड्या पडून खवल्यांमधली कातडी दिसू लागली तर स्थूल. आणि अंग भरीव, गोलसर असले तर निरोगी. वजन स्वयंपाकघरातील काट्यावर करून ग्रॅमवार टिपून ठेवावयाचे. भक्ष्य एवढेच असावे की त्याची जाडी सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाइतकी भरावी; पोरवयात आठवड्यास एक वार, स्वतःच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतके, आणि प्रौढपणी दोन-चार आठवड्यांतून एकदा. भक्ष्य म्हणजे उंदीर. तोही जिवंत नव्हे, कारण कोंडलेला उंदीर उलट सापालाच चावतो. म्हणून गोठविलेला उंदीर आणून, वितळवून, कोमट करून, लांब चिमट्याने समोर धरावयाचा. हा साठा ज्या शीतकपाटात ठेवलेला होता, त्याच्याच शेजारच्या खणात येथून पाठविलेल्या पुरणपोळ्या होत्या, हे कळल्यापासून मातोश्रींनी पुरणपोळ्या पाठविण्याचे बंद केले आहे.

जेवणानंतर दोन दिवस सापास हात लावावयाचा नाही, लावल्यास खाल्लेले ओकून टाकतो, हेही कलम त्यात होते. उष्टा हात वाळेपर्यंत पाहुण्यास गप्पांत गुंतवून ठेवणाऱ्या आम्हांस ते फार कठोर वाटले. परंतु त्यामागील कारण विचारात घेण्याजोगे आहे. साप आपले अंग ऊनऊन ठेवण्यासाठी अन्न जाळीत नाही. ती उष्णता तो बाहेरून घेतो, म्हणून त्याचा चरितार्थ अल्पात चालतो, आणि म्हणूनच गारठा पडला की त्याचे पचन थंडावते व शहाणा साप तोंड मिटून घेतो. या जातीचे प्रौढ अजगर हिवाळ्यात महिनोन्महिने उपाशी राहतात आणि तरीही त्यांच्या वजनात म्हणण्यासारखी तूट येत नाही. उलट जेवला की असा जेवतो की, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाप्रमाणे, ब्रह्मी अजगराचे हृदय भोजनोत्तर दोन दिवसांत शेकडा चाळीसने वाढते. भोजनाने अंतःकरण विशाल होते हे आपण ऐकत आलो. प्रत्यक्ष पुरावा मात्र अजगराने दिला, आपल्या बाबतीत वाढते ते निराळेच.

पुष्य महिन्यात आदिलाबादेस जी थंडी पडते, ती सबंध तेलंगणात प्रसिद्ध आहे. तेव्हा गारठ्याने भूक मंदावते हा मुद्दा मातोश्रींना तत्त्वतः मान्य झाला. मात्र त्यांनी प्रकरण वरिष्ठांकडे नेण्याचे ठरविले. आमच्या जिल्ह्यात सर्पविषयक वरिष्ठ म्हणजे इंद्रवेल्लीजवळच्या केस्लापूरचा नागोबा. मेसराम कुळातील राजगोंड मंडळी अनवाणी चालत जाऊन गोदावरीचे पाणी आणतात आणि पुष्य अमावास्येस त्या पाण्याने देवाची महापूजा करतात. कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी रीतसर भेट होते. आणि जत्रेत दरबार भरतो. १९४० च्या दशकात, निजामाशी लढलेले गोंड पुढारी कुमराम भीम यांच्या हौतात्म्यानंतर, निजाम सरकारने नेमलेल्या हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने तो सुरू झाला, आणि आजही तेथे अधिकारी गाऱ्हाणी ऐकतात. जमिनीच्या पट्ट्यांचे, रस्त्यांचे, पाण्याचे अर्ज जेथे दाखल होतात तेथे शेषरावांच्या भुकेचाही अर्ज द्यावा, असा मातोश्रींचा मानस होता. परंतु अर्जदार मिनेसोटाचा रहिवासी असल्याने तो दरबाराच्या हद्दीत येत नाही, अशी कायदेशीर हरकत काढून मी ते टाळले. नागोबाला त्यांनी हात जोडले, एवढेच. तेथे जमलेल्या अफाट समुदायात देवाच्या वजनाची चिंता करणारा एकही इसम आढळला नाही, हे नमूद करणे अवश्य आहे.

पुढे भाच्याने काचपेटीचा एक कोपरा दिव्याने तीस-बत्तीस अंशांपर्यंत उबदार केला, विनवण्या बंद केल्या, आणि उन्हाळा लागताच शेषरावांनी आपण होऊन उंदीर गिळला. काट्यावर पाहता मधल्या काळातील घट किरकोळ निघाली; त्याच अवधीत काळजीपोटी अधूनमधून खात राहिलेल्या भाच्याचे वजन मात्र लक्षणीय वाढले होते.

हे वाचून कोणास साप पाळण्याची उमेद वाटू लागल्यास एवढे ध्यानात ठेवावे की आपल्या देशात नाग, धामण, अजगर यांस पकडणे किंवा घरी ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. आणि नागपंचमीस गारुड्याच्या टोपलीतील नाग दूध पितो तो भक्तीने नव्हे, तर कित्येक दिवस तहानेला ठेवलेला असल्यामुळे. त्याला ते पचत नाही, फुप्फुसांत गेल्यास जिवावर बेतते. घरात साप शिरलाच तर वनखात्यास किंवा जाणत्या सर्पमित्रास कळवावे. आमच्या कपाशीच्या आणि ज्वारीच्या रानांतील धामणी कोणत्याही काट्यावर न चढता, कोणाच्याही शिफारशीवाचून, पिढ्यानपिढ्या धष्टपुष्ट आहेत. तेव्हा सापाचे वजन राखण्याचा सर्वांत स्वस्त व निर्धोक उपाय म्हणजे शेतातले उंदीर त्याच्यासाठी सोडावेत, आणि दूध आपल्या चहासाठी राखून ठेवावे.