भावानं गाडी पाठवली

“अगं बाई, ऐकलंस का? वरच्या आळीतल्या त्या दोघी बहिणींना काल भावानं गाडी पाठवली. दिवाळीला कधी एसटीचं तिकीट काढून दिलं नाही मेल्यानं!”

कुंपणावर टाकलेली गोधडी उलटी करता करता आक्का बोलत होत्या. मी पावटा सोलत होते.

“हक्कसोडीला नेलं असणार.”

“मग काय! रजिस्टर कचेरीत अंगठा, फोटो. बाहेर आल्यावर मिसळ आणि साडी. सव्वादोन एकर बागायत गं. एकेकीची पाऊण एकर, उभ्या उसाची! धाकटीनं मुकाट्यानं अंगठा दिला. थोरली मात्र गाडीतनं खालीच उतरली नाही.”

थोरलीचं मला आधीपासून ठाऊक होतं. तिचं लग्न १९९३ चं, धाकटीचं १९९५ चं. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये लेकींना वडिलार्जित जमिनीत वाटा दिला खरा, पण २२ जूनच्या आधी लग्न झालेल्या वगळून. एकाच आईच्या दोघी; एक वारसदार, दुसरी नुसती पाहुणी! वडील २००३ ला गेले. दोन वर्षांनी दिल्लीचा कायदा आला, लग्नाची अट गेली. तर भाऊ म्हणायचा, “कायदा आला तेव्हा आबा होते कुठं?” सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये तेही निकालात काढलं : लेकीचा हक्क जन्मापासूनचा, बाप तेव्हा हयात असो-नसो. ते थोरलीला तिच्या कॉलेजातल्या लेकानं मोबाईलवर वाचून दाखवलं.

“आता माहेर तुटलं म्हणायचं तिचं,” आक्का म्हणाल्या.

“तुटू दे की. वर्षाला एक चोळीचा खण, त्याला काय माहेर म्हणायचं? मी असते तर—”

“तू असतीस तर?” आक्कांनी गोधडी सोडली. “तुझ्या घरच्या सातबाऱ्यावर नणंदांची नावं हायेत का गं?”

“त्यांनी आपखुशीनं सोडलंय.”

“गाडी पाठवली होती?”

“गाडी कुठली तेव्हा? हे टेम्पो घेऊन गेले होते.”

“आणि साडी?”

“इरकल. दोघींना एकसारखी.”

आक्का पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मला राग आला.

“आणि तुम्ही हो, आक्का? तुमच्या भावानं काय दिलं?”

“मला?” गोधडी पुन्हा सरळ करत त्या म्हणाल्या, “साडी द्यायची म्हणाला होता. अजून यायचीय.”