मेल सर्व्हर काळ्या यादीतून कसा सोडवावा : जव्हार-मोखाड्यातल्या नवशिक्यांसाठी

कोणासाठी : कार्यालयात ‘तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना?’ असं विचारल्यावर ज्याने बेसावधपणे मान हलवली, त्याच्यासाठी.

साहित्य : एक सर्व्हर, त्याचा मुख्य पासवर्ड (तो ज्याला माहीत होता तो आता नाशिकला असतो), मेलची लॉग फाइल, चार्ज झालेला इन्व्हर्टर आणि पाऊस नसलेला एक दिवस. शेवटची वस्तू जुलैत मिळत नाही, तिच्यावाचून भागवावे.

हे कशाला शिकायचे : १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे बालमृत्यू राज्यभर गाजले. मग इथे संस्था आल्या, संस्थांमागून अहवाल आले आणि अहवालांमागून मेल. आता मेल पोचला नाही की अहवाल पोचला नाही, आणि अहवाल पोचला नाही की पुढचा हप्ता अडकला. म्हणून शिकायचे.

पायरी १. दोष द्या. रूढ क्रम असा : पाऊस, वीज, खोडाळ्याच्या वाटेवर केबल उखडणारा जेसीबी आणि सर्वांत शेवटी ‘मुंबईवाले’. हे दहा मिनिटांत उरकून परत आलेला मेल उघडा आणि वाचा. तो इंग्रजीत आणि लांबलचक असतो, म्हणून आजवर कोणी वाचलेला नसतो. त्यातला आकडा ४ ने सुरू होत असेल तर समोरचा ‘आत्ता नको, नंतर ये’ म्हणतो आहे. ५ ने होत असेल तर नाही म्हणजे नाही. पुढच्या ओळीत बहुधा यादीचे नावही दिलेले असते.

पायरी २. यादी ओळखा. काळी यादी एक नसते. सर्वांत दबदबा स्पॅमहाउसचा. स्टीव्ह लिनफर्ड यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेच्या अनेक याद्या आहेत. एक्सबीएलमध्ये नाव असेल तर तुमच्या जाळ्यातले एखादे यंत्र बिघडलेले किंवा दुसऱ्याच्या ताब्यात गेलेले आहे. पीबीएलमध्ये असेल तर तुमच्यावर आरोपच नाही. घरगुती ब्रॉडबँडच्या आयपींवरून थेट मेल निघू नयेत एवढाच तिचा नियम. बाजारपेठेतल्या दुकानाच्या माळ्यावर, साध्या जोडणीवर सर्व्हर ठेवला असेल, तर तो तिथे जन्मतःच असतो. अशाने मेल सेवा पुरवणाऱ्याच्या सर्व्हरमार्फत ५८७ पोर्टवरून पाठवावे किंवा स्थिर आयपीचा सर्व्हर भाड्याने घ्यावा.

धोक्याची सूचना : आपले नाव यादीत आहे का, ही तपासणी गूगलच्या ८.८.८.८ या सार्वजनिक डीएनएसवरून करू नका. स्पॅमहाउस तिथे १२७.२५५.२५५.२५४ असे उत्तर देते. त्याचा अर्थ ‘या वाटेने विचारू नका’. घाईतला माणूस त्याचा अर्थ ‘सापडलो’ असा घेतो आणि रात्रभर जागतो.

पायरी ३. अर्ज करू नका. ही पायरी सर्वांत अवघड. यादीतून नाव काढण्याचा अर्ज दोन मिनिटांत भरता येतो, म्हणून सगळे तोच आधी भरतात. नाव निघते, पेढे वाटले जातात आणि नाव पुन्हा चढते, कारण घाण अजून बाहेर जातेच आहे. वारंवार असे झाले की पुढच्या अर्जाकडे यादीवाले संशयाने पाहतात.

पायरी ४. गळती शोधा. नेहमीचे संशयित चार.

(क) हिशेबनिसाचा पासवर्ड. त्यात संस्थेचे नाव आणि पुढे १२३ असेल तर शोध इथेच थांबवा. एकाच खात्यातून मध्यरात्री शेकडो मेल गेलेले लॉगमध्ये दिसतील.

(ख) वेबसाइटवरचा ‘संपर्क साधा’ फॉर्म. वर्षानुवर्षे अद्ययावत न केलेल्या वर्डप्रेसमधून कोणीही तुमच्या नावाने पत्रे धाडू शकतो.

(ग) दिवाळीच्या शुभेच्छा. जुन्या डायरीतले सगळे पत्ते बीसीसीत घालून पाठवलेले आकाशकंदील. बंद पडलेल्या पत्त्यांपैकी काहींचे सापळे केलेले असतात. तिथे मेल पोचला की पाठवणारा न विचारता पत्ते गोळा करतो, असे धरले जाते.

(घ) सचिवांची सोय. संस्थेच्या पत्त्यावर येणारे सगळे त्यांच्या जीमेलला आपोआप पुढे जाते. त्यात आलेला कचराही जातो आणि जीमेलच्या दृष्टीने तो पाठवणारे तुम्हीच ठरता.

पायरी ५. रांग उपसा. गळती बुजवली तरी अडकलेले मेल रांगेत उभे असतात. पोस्टफिक्स मूळ मांडणीत पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. ‘मेलक्यू’ आज्ञा देऊन रांग पाहा, कचरा पुसा. हे राहिले तर कालचे पाप उद्या बाहेर पडते.

पायरी ६. दाखले गोळा करा. एसएमटीपी ही मेलची रीत जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहून काढली, तेव्हा पाठवणाऱ्याने सांगितलेले नाव खरे मानले जाई. खरे तर नकोशा मेलची सुरुवात त्याआधीच झाली होती : ३ मे १९७८ रोजी गॅरी थुर्क यांनी आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात सुमारे ४०० जणांना एका दमात धाडली होती. आता कागद लागतात, आणि दाखल्यासाठी मोखाड्याहून जव्हारला खेपा घातलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. एसपीएफ हा रहिवासी दाखला : या डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरवरून निघतील ते सांगणारा. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक पत्रावरची मोहोर. डीमार्क म्हणजे हे दोन्ही जुळले नाहीत तर काय करायचे याचा आदेश. रिव्हर्स डीएनएस ही पडताळणी : ती स्वतःच्या हाताने लिहिता येत नाही, आयपी ज्याचा आहे त्यानेच करून द्यायची. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल छोट्या प्रेषकाकडेही एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि नीट रिव्हर्स डीएनएस मागते. दिवसाला ५,००० मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, तिन्ही लागतात.

पायरी ७. आता अर्ज करा. काय बिघडले होते आणि काय दुरुस्त केले, ते दोन-तीन ओळींत लिहा. संस्थेची थोरवी, गेल्या वर्षीचा पुरस्कार, आमदारांचे पत्र यांचा उपयोग नाही. स्पॅमहाउस नाव काढण्याचे पैसे घेत नाही, तेव्हा मधल्या माणसालाही देऊ नका.

नेहमीच्या शंका

*सर्व्हर म्हणतो ‘२५० ओके’, साहेब म्हणतात आलाच नाही. खोटे कोण बोलतो?*
कोणीच नाही. २५० म्हणजे समोरच्या सर्व्हरने मेल ताब्यात घेतला. तो इनबॉक्सात ठेवला की स्पॅममध्ये टाकला, हे तो सांगत नाही.

*नवा आयपी घेतला, तरी स्पॅममध्येच?*
नव्या आयपीला पत नसते. उत्तर देणाऱ्या मोजक्या माणसांना रोज थोडे मेल पाठवा, आकडा हळूहळू वाढवा. काही आठवडे लागतात.

*आणि अहवालाची शेवटची तारीख आजच असेल तर?*
छापा, दोन प्रती काढा, पालघरची पहिली एसटी धरा. १ ऑगस्ट २०१४ पासून जिल्ह्याचे ठाणे तिथे आहे. आवक खिडकीवर दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. मेलवर अशी पोच देणारा सर्व्हर अजून निघालेला नाही.