फाईन हाय जी!

‘हाऊ आर यू?’ असं विचारलं की ‘आय ॲम फाईन’ म्हणायचं, हे इंग्रजीच्या पहिल्याच धड्यात अख्ख्या महाराष्ट्राला शिकवतात. गोंदिया जिल्ह्यात मात्र या धड्याला एक अडचण आहे. वर्गातल्या बहुतेक पोरांच्या घरी धानाच्या बांध्या, आणि ‘फाईन’ म्हणजे बारीक, हे त्यांना शाळेत येण्याआधीच ठाऊक. फळ्यापुढे उभं राहून ‘आय ॲम फाईन’ म्हणणारं पोरगंही बहुधा काडीसारखंच असतं. त्यामुळे अर्थाबद्दल कोणाला शंका येत नाही.

आमचे काकाजी धानाचे अडते. इंग्रजी त्यांना तेवढ्या एका शब्दापुरतं येतं, पण त्या शब्दावर त्यांची हुकमत कोणत्याही प्राध्यापकाला लाजवील. पोत्यात परखी खुपसून मूठभर धान काढायचं, दोन तळहातांत चोळायचं, फुंकर मारून टरफल उडवायचं. मग एक दाणा दाढेखाली धरायचा. ‘कट्’ असा आवाज आला की धान वाळलेलं. दाणा मुकाट्याने चेपला की ओलं. एवढं झाल्यावर डोळे बारीक करून निकाल : ‘फाईन हाय जी!’ मागे घरात जावयाची चर्चा चालली असता कोणीतरी ‘पोरगा फाईन आहे’ म्हणालं, तर काकाजी चटकन म्हणाले, ‘कायचा फाईन? चांगला ठोकळ हाय!’

सरकारचंही पूर्वी असंच होतं. हमीभावाच्या तक्त्यात धानाचे कॉमन, फाईन आणि सुपरफाईन असे तीन वर्ण असत. पुढे फाईन आणि सुपरफाईन यांना एकत्र करून ‘ग्रेड ए’ नाव दिलं. तांदळाच्या दाण्याची लांबी रुंदीच्या अडीचपट किंवा जास्त भरली तर तो ग्रेड ए, नाहीतर कॉमन. २०२५-२६ च्या हंगामात कॉमनचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये आणि ग्रेड ए चा २३८९. म्हणजे सामान्य आणि उच्च यांच्यात अंतर वीस रुपयांचं! इतकी समता आपल्याकडे दुसऱ्या कशात आली असेल असं वाटत नाही. बाजार मात्र सरकारइतका समतावादी नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतात निवडून काढलेला, घड्याळाचं नाव लाभलेला एचएमटी तांदूळ समोर आला की व्यापाऱ्याच्या तोंडून ‘फाईन’ कसा लांबलचक निघतो, ते ऐकण्यासारखं असतं.

इंग्रजांच्या घरी या शब्दाची गंमत जागेवर असते. नामाच्या आधी बसला तर त्याचा रुबाब वेगळा : ‘अ फाईन टीचर’ म्हणजे नावाजण्यासारखा शिक्षक. तोच वाक्याच्या शेवटी गेला की उतरतो. ‘द टीचर इज फाईन’ म्हणजे मास्तर ठीक आहेत, चालतील, किंवा नुसतेच तापातून उठलेत. आपलं ‘बरं’ साधारण याच जातीचं, फक्त ते जागेऐवजी सुरावर चालतं. आणि ज्याची भीती वाटावी तो रेल्वेतला फाईन, तोही याचाच सख्खा भाऊ. दोघेही लॅटिनमधल्या ‘शेवट’ या अर्थाच्या शब्दातून आले. शेवटाला नेलेलं, म्हणून उत्तम. आणि पैसे भरून प्रकरणाचा शेवट केला, म्हणून दंड. टीसीपुढे उभं असताना ही व्युत्पत्ती आठवत नाही, ती गोष्ट वेगळी.

पण खरी परीक्षा पंगतीत. पुतण्याचा कंपनीतला दोस्त बंगळुरूहून आला होता. मराठी शून्य. काकूने दुसऱ्यांदा भात आणला, तसा तो नम्रपणे म्हणाला, ‘नो नो, आय ॲम फाईन.’ इंग्रजीत याचा अर्थ ‘मला नको’. काकाजींनी क्षणभर त्याच्या मनगटांकडे पाहिलं. ‘पावना म्हणते, मी बारीक आहो! वाढ त्याले!’ वाढला. भाताचा डोंगर बघून पाहुणा घाबरला आणि घाईघाईने म्हणाला, ‘इट्स फाईन, इट्स फाईन!’ काकाजींचा चेहरा उजळला. ‘पाह्यलं? दाना वळखला पोरानं! पारखी हाय. वाढ अजून!’ तिसऱ्या खेपेला पाहुण्याने मान खाली घातली आणि बारीक आवाजात नुसतंच म्हणाला, ‘फाईन.’ हा त्या शब्दाचा आणखी एक शुद्ध इंग्रजी अर्थ : ठीक आहे बाबा, हरलो. पुतण्या तेवढ्या वेळात जिना चढून हसायला वर पळाला होता, म्हणून दुभाष्याची सोय नव्हती.

तेव्हा इंग्रजी शिकणाऱ्या तमाम मंडळींना एकच विनंती. ‘फाईन’ लंडनला वापरा, पुण्याला वापरा, मुलाखतीत तर जरूर वापरा. गोंदियात पाटावर बसलात की ‘पुरे जी’ म्हणा, आणि म्हणता म्हणता दोन्ही हात ताटावर आडवे धरा.