खुर्चीवर तुम्ही, नोटीस वहिनींना

मा. दादासाहेब,
(पद : सरपंचबाईंचे यजमान)



निवडणूक होऊन एवढे दिवस झाले, तरी वेशीवरचा फ्लेक्स अजून उतरलेला नाही. त्यावर तुम्ही पुरुषभर उंच, हात जोडून, गॉगल लावून. आणि खाली कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढ्या जागेत, डोक्यावर पदर घेतलेल्या वहिनी. निवडून आल्या त्या, शुभेच्छुकांनी अभिनंदन केलं तुमचं. तेव्हा आमचंही घ्या.

तुमच्यावर अन्याय झाला हे मान्य करायलाच हवं. दोन वर्षं तुम्ही गणपतीच्या वर्गण्या दिल्या, पंढरपूरला गाड्या सोडल्या, ओळख नसलेल्यांच्या दहाव्याला जाऊन बसलात. आणि तहसीलला सोडत निघाली, शाळेतल्या पोराने चिठ्ठी उचलली, तर पद महिलेला राखीव. पण तुम्ही खचणारे नव्हेत. त्याच संध्याकाळी तुमच्या ओसरीवर उमेदवार निवडीची बैठक बसली. आई तोंडाच्या फटकळ, चारचौघांत काय बोलतील नेम नाही, म्हणून त्या बाद. धाकट्या भावजय डी.एड. झालेल्या, कागद हातात आला की शेवटपर्यंत वाचतात, म्हणून त्या तर आधीच बाद. राहिल्या वहिनी. कागदपत्रं तयार, दोनच मुलं, आणि तुम्ही बोट ठेवाल तिथे सही. सर्वानुमते उमेदवारी जाहीर झाली. वहिनींना ती स्वयंपाकघरात कळली म्हणतात.

आपल्याकडे अंगणवाडीत मदतनीस व्हायला बारावी पास लागतं. सरपंच व्हायला सातवी पुरते, आणि तीही १९९५ पासून पुढे जन्मलेल्यांनाच. याबद्दल माझी तक्रार नाही. शिकलेल्यांनी केलेला कारभारही आपण पाहिला आहे. पण उमेदवाराने वाचू नये, ही पात्रता पंचायत कायद्यात कुठे सापडत नाही. ती तुमची स्वतःची भर.

राहता राहिली तुमची पात्रता. ती कोणी तपासायची? तुम्ही अर्ज भरला नाही, प्रतिज्ञापत्र दिलं नाही, थकबाकी नसल्याचा दाखला जोडला नाही, छाननीला उभे राहिला नाहीत. मतपत्रिकेवर तुमचं नाव नव्हतं. तरी कार्यालयातली ती फिरती खुर्ची तुमच्या मापाची झाली आहे. ग्रामपंचायत अधिकारी तुम्हाला ‘सरपंचसाहेब’ म्हणतात, आणि खोटं कशाला सांगू, आम्हीही म्हणतो. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असा नियम आहे. आपल्या गावात त्या सभेचं अध्यक्षस्थानही तुम्हीच भूषवलंत. बायकांच्या अडचणी बायकांना समजावून सांगायला कोणीतरी जाणकार हवा होताच.

पण तुमच्या किल्ल्यांच्या जुडग्यात जे लटकतं, त्याचं मला जास्त कौतुक आहे. वित्त आयोगाचा पैसा आता धनादेशाने निघत नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने देयक भरायचं, सरपंचाने आपल्या डिजिटल सहीने मंजूर करायचं, मग रक्कम ठेकेदाराच्या खात्यात. ती सही ज्या डोंगलमध्ये आहे ते मोटारसायकलच्या किल्लीशेजारी तुमच्या खिशात असतं. पूर्वी निदान कागद घरी न्यावा लागे, वहिनींच्या नजरेखालून तरी जाई. आता गटाराचं बिल निघालं हे त्यांना गटार फुटल्यावर कळतं.

आणि उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर? वसुलीची नोटीस सही करणाऱ्याला येते. गैरवर्तनाबद्दल सरपंचाला काढायचं कलम ३९ आहे, पण ते सरपंचाला लागतं, तुम्हाला नाही. ज्याला कोणी निवडलंच नाही त्याला काढणार कसं? खुर्ची तुम्हाला आणि नोटीस वहिनींना, अशी वाटणी सख्ख्या भावांतसुद्धा होत नाही.

तुम्ही एकटे नाही, हा दिलासा घ्या. छत्तीसगडच्या कबीरधाम जिल्ह्यात परसवाडा गावी मार्च २०२५ मध्ये निवडून आलेल्या सहा बायकांच्या जागी त्यांच्या नवऱ्यांनी शपथ घेतली. निदान लपवाछपवी नव्हती. निलंबित झाला तो पंचायतीचा सचिव. नवरे घरी गेले. त्याआधी काही दिवस केंद्राने नेमलेल्या समितीने तुमच्यासारख्यांना जरब बसेल अशा शिक्षेची शिफारस केली होती. शिफारस आहे, घाबरू नका.

‘बायकांना कारभार जमत नाही हो’ हे तुमचं पारावरचं आवडतं वाक्य. महाराष्ट्रात पंचायतीत बायकांना निम्म्या जागा २०११ पासून आहेत. पण जळगाव जिल्ह्यात विटनेरला तर १९८९ साली, घटनेने आरक्षण देण्याच्याही आधी, सगळी पंचायत बायकांची निवडून आली होती. त्याच जिल्ह्यात विचखेड्याच्या सरपंचबाईंना सरकारी जागेवरच्या घरात राहतात असा आरोप ठेवून अपात्र ठरवलं गेलं. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पद परत मिळवलं. बाईने सरपंच व्हावं आणि आपण तिचं ऐकावं हे गावकऱ्यांना पचलं नाही, असं न्यायालयाने तेव्हा म्हटलं. जमत नाही ते नेमकं कोणाला, हे त्यावरून तुम्ही ठरवा.

वहिनी बचत गटाचा हिशेब ठेवतात. त्यांच्या वहीत खाडाखोड नाही, हे गटातली कोणीही बाई सांगेल. पंचायतीच्या पाणीपट्टीच्या वहीबद्दल असं बोलणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. म्हणजे घरात लायक उमेदवार होताच. तुम्ही त्याला निवडूनही आणलंत, चुकून.

तेव्हा एक विनंती. डोंगल वहिनींकडे द्या आणि पुढच्या ग्रामसभेला आमच्यात, सतरंजीवर बसा. आम्ही प्रश्न सरपंचांना विचारणार आहोत. त्या थांबत उत्तर देतील, कागद चाळतील, वेळ घेतील, आम्ही थांबू. मध्येच तुम्ही उठून बोललात, तर ‘सरपंचांच्या वतीने, अधिकार नसताना, त्यांचे पती बोलले’ असं इतिवृत्तात लिहून घेऊ आणि त्याची नक्कल गटविकास अधिकाऱ्यांना पाठवू.

आपला,
वहिनींना मत दिलेला एक मतदार